मदत हवी आहे: नव्या इमारतीतले स्विच आणि सॉकेट ताबा घेण्याआधी कसे तपासावेत?

नमस्कार मंडळी,

आमची डोंबिवलीतली जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. प्लास्टर झालंय, वायरिंग ओढून झालंय, आणि बिल्डरने एक नमुना फ्लॅट तयार करून कमिटीला बघायला बोलावलं. टाइल्स, नळ, खिडक्यांच्या काचा यांवर सगळे भरभरून बोलले. विजेच्या बोर्डांकडे मात्र कोणी वळूनही पाहिलं नाही. मला तेच खटकतंय. नळ गळला तर प्लंबर येतो, पण भिंतीतलं सॉकेट रात्री पेटलं तर माणसं जातात. आमच्याकडे एकटे राहणारे ज्येष्ठ सभासद बरेच आहेत आणि लहान मुलंही.

नमुना फ्लॅटला तात्पुरता वीजपुरवठा आहे. म्हणून मी घरची २००० वॅटची इंडक्शन शेगडी नेली, स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावली आणि पाण्याचं मोठं पातेलं ठेवलं. अर्ध्या तासाने प्लग काढला तर पिना हाताला चटका बसेल इतक्या तापलेल्या. प्लेटही कोमट होती. प्लग सैल बसतो, केबलचं थोडं वजन आलं की खाली झुकतो. शिवाय बेडरूममध्ये पंख्याचा स्विच बंद करताना फटीतून निळी ठिणगी दिसते.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं असं: माल नवा आहे, आयएसआयचा आहे, थोडंफार गरम होणारच. करारात "आयएसआय मार्क असलेले मॉड्युलर स्विच" एवढीच ओळ आहे, त्यामुळे पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही.

माझे प्रश्न असे. किती गरम होणं चालतं आणि कुठून पुढे धोका? स्विच किती वर्षं टिकेल हे आज, नवा असताना, कळू शकतं का? आयएसआय मार्कासाठी नेमक्या कोणत्या चाचण्या होतात, आणि त्यांतल्या काही आपल्याला जागेवर करता येतील का? प्रयोगशाळेत नमुने पाठवायचे झाले तर सोसायटीला ते कोण करून देईल? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. प्लेट बसवण्याचं काम पुढच्या महिन्यात सगळ्या मजल्यांवर सुरू होणार आहे, त्याआधी बोलायला हवं.

प्रतिसाद १ : पारिजातक

विद्युत उपकरणांच्या चाचणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

घरगुती स्विचसाठी भारतीय मानक आहे आयएस ३८५४, आणि प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३. टिकाऊपणाची चाचणी यंत्रावर होते. स्विचमधून त्याचा पूर्ण प्रवाह वाहत ठेवून यंत्र खटका दाबत राहतं. नेहमीच्या घरगुती स्विचला ४०,००० क्रिया पार कराव्या लागतात. लावणं ही एक क्रिया, बंद करणं ही दुसरी. दिवसाला २० वेळा खटका दाबला तर साधारण साडेपाच वर्षांत ४०,००० होतात. हे ऐकून घाबरू नका. चाचणीत पूर्ण भार असतो, घरात त्याच स्विचवर ९ वॅटचा एलईडी दिवा असतो, त्यामुळे तो कितीतरी जास्त टिकतो. उलट गिझरचा स्विच दिवसातून दोनदाच दाबला जातो, पण प्रत्येक वेळी जवळजवळ पूर्ण भारावर. काही कंपन्या लाखभर क्लिकचा दावा करतात. तो कोणत्या भारावरचा, हे जरूर विचारा.

त्याआधी आणखी एक कठोर चाचणी असते. १.१ पट दाब (व्होल्टेज), १.२५ पट प्रवाह आणि ०.३ पॉवर फॅक्टर अशा, मोटरसारख्या अवघड भारावर २०० वेळा चालू-बंद. यात संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले किंवा सतत ठिणगी पेटत राहिली तर नमुना बाद. तुमच्या पंख्याच्या ठिणगीचं उत्तर इथेच आहे. मोटरचा प्रवाह तोडताना क्षणभर ठिणगी पडतेच. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ती लगेच विझतेही. क्षणिक आणि आवाज न करणारी निळी चमक दिसली तर काळजी नको. चरचर, जळका वास, तपकिरी डाग, किंवा खटका मधेच अर्धवट अडकणं यातलं काहीही असेल तर तो स्विच बदलायचाच.

सॉकेटसाठी प्रवाह सुरू असताना प्लग ५,००० वेळा घालून-काढून बघतात. पकड तपासायला ठरावीक वजनाची गुळगुळीत पिन सॉकेटच्या एकेका भोकात उभी, खाली लोंबती ठेवतात. ३० सेकंदांत ती गळून पडता कामा नये. तुमचा प्लग पहिल्याच दिवशी झुकतोय, हे मला अजिबात आवडलेलं नाही.

आता गरम होण्याबद्दल. सॉकेटला ठरलेल्या प्रवाहापेक्षा काहीसा जास्तच प्रवाह तासभर देतात आणि टर्मिनलचं, म्हणजे वायर जोडायच्या जागेचं, तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ४५ अंशांहून जास्त वाढलेलं चालत नाही. म्हणजे खोलीत ३० असेल तर टर्मिनल ७५ पर्यंत. पण हे पूर्ण भारावर! तुमची २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला ८.७ अँपिअरच घेते, म्हणजे १६ च्या जेमतेम निम्मं. सैल जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे निम्म्या भारावर पिना चटका देत असतील तर पूर्ण १६ अँपिअरवर तिथे साडेतीन पटीच्या आसपास उष्णता तयार होईल. "थोडंफार गरम होणारच" हे उत्तर इथे लागू नाही, हे त्यांना याच आकड्यांत सांगा.

प्लॅस्टिकच्या दोन चाचण्याही सांगते, कारण आग लागणं-न लागणं त्यांवर ठरतं. ज्या भागाने विद्युतभारित पितळ धरून ठेवलंय त्याला ८५० अंशांवर तापलेल्या तारेचं टोक ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर ज्योत ३० सेकंदांच्या आत विझली पाहिजे आणि खाली ठेवलेला पातळ कागद पेटता कामा नये. बाकीच्या भागांना ६५० अंश. दुसरी पोलादी गोळीची: १२५ अंशांच्या भट्टीत गोळी तासभर दाबून ठेवायची, खळगा २ मिलिमीटरपेक्षा मोठा नको. स्वस्त, पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचं पितळ इथे उघडं पडतं. यांतलं काहीही घरी करून बघू नका. लायटर लावून पाहणारे लोक भेटलेत मला. त्यातून काही कळत नाही, धूर मात्र विषारी असतो.

प्रतिसाद २ : दोन पेचकस

ताईंनी मालाचं सांगितलं, मी बसवण्याचं सांगतो. वायरमनचं काम करतो. जळलेले बोर्ड उघडून पाहिले की सॉकेट खराब असण्यापेक्षा स्क्रू ढिला निघण्याचं प्रमाण जास्त दिसतं. मजल्यावर एकदम पन्नास-साठ पॉइंट भरायचे असतात, पोरं घाईत असतात. वायर सोलताना चार-पाच तारा तुटतात, इन्शुलेशनसकट वायर टर्मिनलमध्ये दाबली जाते, एकाच टर्मिनलमध्ये एक जाड आणि एक बारीक अशा दोन वायरी कोंबल्या की बारीक सैल राहते. वरून प्लेट बसली की सगळं सुंदर दिसतं.

तुम्ही आधी हे करा. तोच शेगडीचा प्लग शेजारच्या फ्लॅटच्या किंवा तुमच्या राहत्या घरातल्या चांगल्या सॉकेटला तेवढाच वेळ लावा. तिथेही पिना तापल्या तर दोष प्लगचा. नाही तापल्या तर दोष सॉकेटचा किंवा मागच्या जोडाचा. एकच पिन जास्त गरम असेल तर त्याच बाजूचा कॉन्टॅक्ट ढिला. मग मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, वायरमनच्या हातून प्लेट उघडवा आणि वायर हलकेच ओढून बघा.

वायरची जाडीही बघा. १६ अँपिअरच्या पॉइंटला निदान २.५ चौरस मिलिमीटर तांबं हवं, एसीला ४. दिव्यांना १.५ पुरते. समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. स्विचने फेज तुटतोय की न्यूट्रल हेही बघाच. न्यूट्रल तुटत असेल तर बटण बंद असूनही होल्डरला फेज राहतो, आणि बल्ब बदलताना माणूस चिकटतो. अर्थिंग आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (रोध मोजायच्या यंत्राने) वायरींचं इन्शुलेशन परवानाधारक माणसाकडून तुमच्या समोर मोजून घ्या. मीटरसाठी महावितरणला कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्याची प्रत मागा.

प्रतिसाद ३ : ओसरी

लहान मुलांचा विषय निघाला म्हणून. सॉकेटच्या आतला पडदा, ज्याला शटर म्हणतात, तो नक्की तपासा. मेन बंद ठेवून खालच्या दोनपैकी एकाच भोकात लाकडी काडी हलक्या हाताने घालून बघा, पडदा उघडता कामा नये. आपल्याकडे टू-पिन चार्जर बसवायला वरच्या अर्थच्या भोकात पेन खुपसून पडदा उघडायची सवय घरोघरी आहे. मुलं ते बघतात आणि करतात. त्यासाठी बिल्डरकडून प्रत्येक खोलीत टू-पिन चालणारा शटरवाला एखादा तरी पॉइंट मागून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) प्रत्येक फ्लॅटमध्ये हवीच. ताबा घेताना तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते बघा.

प्रतिसाद ४ : मालवणचा वारा

डोंबिवलीला खाडीची हवा आहे हे विसरू नका. आमच्याकडे खारट दमट हवेने लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि पितळेवर हिरवा थर चढतो. जोडाचा रोध वाढतो, मग तापतं. सुटा नमुना उघडून टर्मिनल आणि स्क्रूला चुंबक लावा. पितळेला चिकटत नाही. मानकात दमटपणाचीही चाचणी आहे ना, पारिजातक?

प्रतिसाद ५ : पारिजातक

आहे. ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेत साध्या बनावटीचे नमुने ४८ तास ठेवतात. बाहेर काढल्यावर ५०० व्होल्ट डीसीवर इन्शुलेशनचा रोध किमान ५ मेगओहम हवा, आणि पाठोपाठ २,००० व्होल्ट एक मिनिट सहन व्हायला हवेत. पण ही दोन दिवसांची परीक्षा, वर्षानुवर्षांच्या खाऱ्या हवेची नव्हे. म्हणून चुंबकाची सूचना चांगली आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल वायरमनला घेऊन गेलो होतो. घरच्या सॉकेटमध्ये तोच प्लग तेवढ्याच वेळात जेमतेम कोमट झाला, म्हणजे प्लग ठीक. प्लेट उघडली तर वायर २.५ चीच निघाली, पण फेजचा स्क्रू अर्धा फेरा आणखी फिरला. तो घट्ट करून पुन्हा अर्धा तास शेगडी चालवली. पिना आता चटका देत नाहीत, तरी घरच्यापेक्षा स्पष्ट गरम आहेत, आणि प्लग अजून झुकतोच. म्हणजे बसवण्यात आणि मालात, दोन्हीकडे दोष दिसतोय. अर्थिंग आणि फेजची बाजू बरोबर होती.

सॉकेटच्या पाठीवर आयएसआय चिन्ह आहे, खाली सीएम/एल (परवान्याचा) क्रमांकही आहे. आता हा माल पूर्ण इमारतीसाठी नाकारायचा तर कमिटीने काय पत्र द्यावं?

प्रतिसाद ६ : तळटीप

ग्राहक तक्रारींचं काम करते, म्हणून कागदाचं सांगते.

आधी तो सीएम/एल क्रमांक आयएसआय चिन्ह देणाऱ्या बीआयएसच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे, चालू आहे का, आणि त्यात तुमचा प्रकार व अँपिअर बसतात का, ते जुळवा. जुळलं नाही तर तिथूनच तक्रार करता येते. जुळलं तरी दर्जा घसरलेला माल असू शकतो, त्यालाही तक्रार चालते.

रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ मध्ये ताब्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पण पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांना हे आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. तुमच्या विकास करारात ते स्वतंत्रपणे लिहिलेलं हवं. नसेल तर आत्ता पूरक करार करा, ताबा घेतल्यावर कोणी सही करत नाही.

प्रयोगशाळेसाठी मुंबईत अंधेरीच्या एमआयडीसीतली ईआरटीएल किंवा वडोदऱ्याची एर्डा यांच्याकडे विचारा. कोणत्या चाचण्या, किती नमुने, किती खर्च ते आधी लेखी घ्या. सगळं करायची गरज नाही. तापमानवाढ, प्लगची पकड आणि तापल्या तारेची चाचणी या तीन सांगा. नमुने कंपनीने दिलेले नकोत. जागेवर आलेल्या खोक्यांतून कमिटी आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांनी मिळून उचलायचे, पाकीट सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. असं केलं नाही तर अहवाल आल्यावर "हा आमचा मालच नाही" हे उत्तर ठरलेलं.

पत्राचा मसुदा असा चालेल: "नमुना फ्लॅटमधील १६ अँपिअर सॉकेट २००० वॅट भारावर अर्ध्या तासात अवाजवी तापल्याचे व प्लगची पकड सैल असल्याचे कमिटीने परवानाधारक वायरमनसमक्ष नोंदवले आहे. संयुक्तपणे निवडलेल्या सीलबंद नमुन्यांचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आयएस ३८५४ व आयएस १२९३ नुसार अनुकूल अहवाल मिळेपर्यंत कोणत्याही मजल्यावर प्लेट बसवू नयेत. चाचणीचा खर्च विकासकाने करावा. बसवल्यानंतर प्रत्येक फ्लॅटमधील १६ अँपिअरच्या सर्व पॉइंटची भार देऊन तपासणी कमिटीच्या उपस्थितीत व्हावी आणि तिची नोंद ताबापत्राला जोडावी." पोच घ्या, ईमेलही करा, आणि तुमच्या वास्तुविशारदाला प्रत द्या.