बाबांना झटका येऊन पाच आठवडे झाले, समजतं सगळं पण शब्दच येत नाहीत

रंकाळाकाठ:
आम्ही मंगळवार पेठेतले. बाबा ६४ वर्षांचे. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी झाली, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंपण. आता धरून चार पावलं टाकतात, पण परवा "चप्पल, चप्पल" म्हणायला लागले म्हणून मी चप्पल आणून ठेवली तर तांब्या ढकलून दिला आणि लहान पोरासारखे रडले, नंतर कळलं चहा पाहिजे होता. पावणे येतात ते कानाशी येऊन ओरडून बोलतात, अहो ऐकू येतंय त्यांना! आई म्हणते झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं नेऊया. काय करू?

पन्हाळ्याची_लेक:
ताई, आमच्या आईचं सेम होतं. ह्याला अफेझिया म्हणतात, डोकं शाबूत असतं पण शब्द सापडत नाहीत, किंवा एकाच्या जागी दुसराच येतो. "काय पाहिजे?" विचारू नका, कप दाखवून "चहा?" म्हणा, मान हलवूदेत. टीव्ही बंद करा आणि विचारून झालं की गप्प थांबा, आपणच वाक्य पुरं करायची घाई लई होते, माझीपण व्हायची. स्पीच थेरपी लगेच सुरू करा. आणि पाठ असलेलं म्हणून घ्या, एक ते दहा, आरती, स्वतःचं वाक्य जमत नसलं तरी ते बऱ्याचदा येतं.

फिजिओ_कोल्हापूर:
उजवा हात ओढून किंवा काखेत धरून उठवू नका, स्नायू ढिले असतात, खांदा सरकतो. झोपताना त्या हाताखाली उशी द्या. पाणी पिताना ठसका लागतो का बघा, लागत असेल तर डॉक्टरांना सांगाच, पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. जेवताना ताठ बसवा. झाडपाल्याच्या नादात बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी बंद केलेले पेशंट दुसरा झटका घेऊन आलेले मी बघितलेत, आईंना हे नीट समजावा. पहिल्या तीन-सहा महिन्यांत सुधारणा जोरात होते, पुढंही होत राहते.

शाहूपुरीकर:
रडण्याचंही डॉक्टरांच्या कानावर घाला. झटक्यानंतर डिप्रेशन येतं, त्याला औषध आहे. आमच्या वडिलांचे सहा महिने आम्ही "स्वभाव बदलला" म्हणण्यातच घालवले.

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे आभार. आज रविवार, देव्हाऱ्यापुढं बसवलं त्यांना. मी "ज्योतिबाच्या नावानं" म्हटलं आणि थांबले. बराच वेळ ओठ हलत होते, मग स्पष्ट म्हणाले, "चांगभलं". आई आतनं पीठाचे हात तसेच घेऊन पळत आली.