बंद खाणीत राडारोडा की पाणी?

माणदेशी_खडक

परवा इथंच एकानं लिहिलं: "क्रशर बंद पडलं की खाणीचं गाव मेलं. पोरं पुण्याला, म्हातारी घरात आणि शिवारात खड्डे. राडारोडा टाकून बुजवा आणि विषय संपवा." दोन दिवस गप्प बसलो. पण हे असंच सोडलं तर उद्या ग्रामसभेत हेच वाक्य ठराव होऊन येईल, म्हणून लिहितोय.

बुजवणं म्हणजे काय, ते आधी मोजा. एक एकर तोंडाची, सरासरी ४० फूट खोल खाण धरा. पोट ४९ हजार घनमीटर, म्हणजे साधारण साडेसतरा हजार ब्रास. चार ब्रासच्या टिपरनं चार हजार तीनशेवर खेपा. रोज वीस खेपा टाकल्या तरी सात महिने. एवढा राडारोडा माण-खटावात निघतो कुठं? पुण्याहून आणला तर डिझेल कोण घालणार? शिवाय नुसता ओतून भागत नाही. फूट-फूट थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर. नाहीतर दोन पावसाळ्यांत मधोमध बशी होते आणि डबकं परत तिथंच.

त्याहून वाईट म्हणजे विहिरी. वर मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा मऊ खडक, त्याखाली काळा पाषाण, आणि वर्षानुवर्षं सुरुंग लावून खडकातले सांधे, म्हणजे भेगा, मोकळे झालेले. राडारोड्यात जिप्सम, रंगाचे डबे, प्लास्टिक, काय नसतं? त्याचं धुवण त्या सांध्यांतून थेट खालच्या विहिरींत.

त्याच खाणीत पाणी भरलं तर ४ कोटी ९० लाख लिटर मावतं. वर्षाला सहा फूट उन्हानं उडालं, म्हणजे ७४ लाख गेले, तरी दोन हजार वस्तीला माणशी ५५ लिटरनं वर्षभर पुरून उरतं. असलं गाव मेलेलं कसं?

ओढ्याकाठचा

अण्णा, भागाकार बरोबर, पण भरणार कशानं ते लिहिलंच नाही. माणमध्ये पाऊस ५०० मिलीमीटरच्या आतबाहेर. एक एकर तोंडावर थेट पडणारं पाणी दोन हजार घनमीटर, आणि तुमचं ऊन वर्षाला सात हजार उडवतं. नुसत्या पावसावर ती खाण मार्चला कोरडी. पडलेल्या पावसातलं वीस टक्के वाहून येतं धरलं तर भरायला ४९ हेक्टरचं पाणलोट वळवावं लागतं, म्हणजे एकशेवीस एकर शिवार. खाण बहुतेक टेकाडावर असते, कारण तिथं वरची माती पातळ, दगड लवकर लागतो. ओढा खाली, खाण वर. पाणी काय चढून येणार?

दुसरं, एकाच पोस्टमध्ये दोन तोंडं. राडारोडा टाकला तर सांध्यांतून विहिरीत झिरपतो आणि पाणी भरलं तर वर्षभर टिकतं? सांधे एकच ना?

माणदेशी_खडक

सांध्यांचा मुद्दा मान्य. पाणी झिरपणार, वर्षभराचा आकडा कमी होणार. पण झिरपून जातं कुठं? खालच्या विहिरींना. पाझर तलावाला आपण तोट्याचं म्हणतो का? आणि भरायचं उरमोडी, जिहे-कठापूर या पाणी योजनांच्या आवर्तनातून, म्हणजे पाळीनं सुटणाऱ्या पाण्यातून. तुमच्या सांगलीकडं टेंभूच्या पाण्यानं तलाव भरून घेतातच की. तोंडाशी तीन मीटर लांब, दोन रुंद, दीड खोल अशी गाळ टाकी बांधायची आणि दर आवर्तनानंतर उपसायची. ती बांधली नाही तर गाळ खाणीच्या तळाला बसतो, सांधे लिंपतो आणि पाझर बंद.

ओढ्याकाठचा

आवर्तनाचं पाणी शेताला पुरत नाही म्हणून कालव्यावर भांडणं लागतात, ते खाणीला कोण सोडणार? चिठ्ठी कुणाच्या नावानं निघणार? एवढं लिहा, मग तलाव म्हणा.

विट्याचा_गलाईवाला

खाणीचं गाव म्हणजे काय ते बघायचं तर कर्नाटकातल्या कोलारला जा. आमची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, माणसं देशभर पसरलीत, सोन्याच्या पेठा आम्हाला पाठ आहेत. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या खाणी, आणि वर सायनाइड वापरून सोनं काढलेल्या मातीचे डोंगर. वारा सुटला की ती माती वस्तीवर. खाण गेली की गाव जातंच. तुम्ही उगीच आशा लावताय.

माणदेशी_खडक

शेठ, ही तुलनाच चुकीची. तिथं एकाच कंपनीवर अख्खं शहर उभं होतं: वीज, दवाखाना, घरं, सगळं खाणीचं. इथं खाणीखाली गावाचे चार-पाच एकर, बाकी ज्वारी, बाजरी, मेंढरं. आणि काळ्या पाषाणात सायनाइड लागत नाही. फोडला, चाळला, सहा, दहा, वीस मिलीमीटरची खडी गेली, भुकटी उरली. तुम्ही सोन्याचं दुखणं दगडाला लावताय.

सुरुंग_आणि_पहार

तुम्ही सगळे पाण्याचा आणि भरावाचा हिशेब करताय. पहिलं काम कुणी लिहिलं नाही. सोडून दिलेल्या खाणीचा कडा सरळ उभा असतो. मुरुमाच्या थराला ४५ अंशांपेक्षा जास्त उतार ठेवायचा नाही, नाहीतर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या, आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. प्रत्यक्षात परवान्याची हद्द संपेपर्यंत दगड कापतात आणि शेवटी टिपर उतरायच्या रॅम्पचाही दगड काढून नेतात. मग पाण्यात पडलेल्याला वर यायला वाटच उरत नाही.

पाणी भरलं की आणखी तीन गोष्टी. पाण्याच्या रेषेवर खडकाला शेवाळ धरतं, हात टिकत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट लागतं पण तीन-चार मीटरखाली गार, सूर मारणाऱ्याला पेटका येतो. आणि पाण्यानं सांध्यातली माती धुतली की वरचे सुटे दगड निसटतात. म्हणून आधी पाणी नाही. आधी कमरेला दोर बांधून वरून पहारीनं सुटे दगड पाडायचे, तेही पावसाळा संपून कडा वाळल्यावर. मग एका बाजूला मुरुमाचा भराव टाकून दहास एक उताराचा रॅम्प. मग कड्यापासून मागं सरकून दोन मीटर उंच जाळी; कड्याला चिकटून खांब रोवला तर खांबासकट कडा जातो. आणि जुनी छिद्रं दिसली तर त्यात सळई घालायची नाही. न फुटलेला सुरुंग आत असू शकतो. परवानाधारक शॉटफायरर, म्हणजे सुरुंग उडवणारा, बोलवायचा.

ओढ्याकाठचा

हे वाचून मी पाण्याला विरोध सोडतो, पण पूर्ण नाही. शाळेजवळची, वीस फुटांच्या आतली खाण मुरूम-मातीनं बुजवाच. तिथं पाण्याचं नाव काढू नका.

माणदेशी_खडक

वीस फुटांच्या आतली, शाळेजवळची, मुरुमानंच. राडारोड्यानं नाही. एवढं मान्य.

गाव_आरोग्य

सगळी चर्चा खड्ड्याची. ज्यांनी तो खणला त्यांचं काय? वडार वस्तीत पन्नाशीच्या आत दम लागणारी माणसं आहेत. एक्स-रेत डाग दिसला की टीबी म्हणून सहा महिन्यांची औषधं चालू, थुंकीत जंतू नसले तरी. काम काय करत होतात, किती वर्षं, ड्रिलवर की घणावर, हा प्रश्नच विचारला जात नाही. सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकानं होणारा फुप्फुसाचा आजार. त्याचे बारीक गोल ठिपके बहुतेक फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. ते औषधानं जात नाहीत, आणि अशा माणसाला खरा टीबीही लवकर पकडतो. म्हणून दोन्ही तपासायला हवं.

ओढ्याकाठचा

ताई, हे राजस्थानच्या वालुकाश्माचं वर्णन आहे. आपला पाषाण वेगळा. त्यात सिलिका ४८-५० टक्के आहे, पण ती खनिजांत बांधलेली. मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नाही. ग्रॅनाइटमध्ये तो पंचवीस-तीस टक्के असतो. उगीच भीती पसरवू नका.

गाव_आरोग्य

भीती पसरवत नाहीये, दादा. मांजऱ्यातल्या पोकळ्यांत गारगोटी भरलेली असते, ती मोकळी सिलिकाच. ड्रिल तिच्यातूनही जातं. आणि ही माणसं एकाच खाणीत राहत नाहीत. इथलं काम संपलं की टोळी कर्नाटकात ग्रॅनाइटवर जाते आणि धूळ फुप्फुसात घेऊन परत इथंच येते. सिलिकोसिस नसला तरी कोरड्या ड्रिलच्या धुळीनं आणि क्रशरच्या भुकटीनं श्वासनळ्या आवळतातच. पाच मायक्रॉनची धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. ड्रिलच्या सळईतून पाणी सोडलं असतं, क्रशरच्या पट्ट्यावर फवारा आणि झाकण ठेवलं असतं, तर हे टळलं असतं. "पाषाणात क्वार्ट्झ नाही" म्हणत दम लागलेल्या माणसाला तुम्ही दारातूनच परत लावताय.

ओढ्याकाठचा

परत लावत नाही. टोळ्या फिरतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण तपासणी कामाच्या इतिहासावरून व्हावी, गावाच्या नावावरून नाही. आमच्या पोरींच्या सोयरिकी "खाणीच्या गावची" म्हणून अडतील.

गाव_आरोग्य

इतिहासावरूनच म्हणतेय, पहिल्या ओळीपासून. राजस्थाननं २०१९ मध्ये या आजारासाठी धोरण केलं: प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख, मृत्यू झाल्यास दोन लाख. आपल्या टोळीतल्या माणसाकडं हजेरीची चिठ्ठीसुद्धा नसते. बंद झालेल्या खाणीच्या मुकादमाकडची जुनी वही कुणी मागून ठेवलीय का? तीच उद्याचा पुरावा.

सज्जा_आणि_ब्रास

मी दरवेळी हेच लिहितो आणि तुम्ही दरवेळी पुढं जाता. पैसा आहे. ब्रासला सहाशे रुपये रॉयल्टी शासनाकडं जाते, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा वाटा वेगळा. खाण कायद्यातल्या २०१५ च्या बदलानंतर हे प्रतिष्ठान खाणीनं बाधित गावांसाठीच झालं, आणि पिण्याचं पाणी आणि आरोग्य ही त्यातली पहिली कामं. रॅम्प, जाळी, गाळ टाकी, छातीची तपासणी, सगळं त्यात बसतं. पण मागायला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, आणि ठरावात "खड्डा" लिहून चालत नाही. गट नंबर, क्षेत्र, खोली, ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन यंत्र) मोजणीचा नकाशा जोडायचा. मोजणीत परवान्यापेक्षा जास्त दगड गेलेला दिसला तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागतो. म्हणूनच मोजणी नको असलेली माणसं "बुजवून टाका" म्हणण्यात सगळ्यात पुढं असतात. राडारोडा पडला की मोजायला काही उरत नाही.

विट्याचा_गलाईवाला

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कोलारचं उदाहरण मी मागं घेत नाही, पण मोजणीच्या आधी एकही टिपर पडायला नको, एवढं मान्य.

सुरुंग_आणि_पहार

मोजणीला माणसं कड्यावर चढतील. त्याआधी सुटे दगड पाडून घ्या. दिवाळीनंतर, कडा वाळल्यावर.