मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन दशावतार बघायचाय

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आई-बाबा आणि मुलांसोबत मालवण-सावंतवाडी भागात जायचं ठरतंय. खरी ओढ दशावताराची, म्हणजे तिकडच्या जत्रांत रात्री रंगणाऱ्या लोकनाट्याची. मुलांनी नाटक पाहिलंय ते नाट्यगृहात, तिकीट काढून. देवळासमोर संकासुर राक्षस येतो, पेटी-मृदंग-झांजेच्या साथीने आख्यान रंगत जातं, हातात लिखित संहिता नसताना नट उभ्या उभ्या संवाद रचतात, हे त्यांनी समोर बसून बघावं असं फार वाटतं. अडचण एवढीच की जत्रेतलं नाटक पालखीनंतर उशिरा सुरू होतं, ते पार पहाटेपर्यंत. बाबांना जमिनीवर बसवत नाही. खुर्चीची सोय होते किंवा प्रयोग जरा लवकर लागतो, असं गाव कुणाला माहीत आहे का? जत्रा तिथीप्रमाणे असतात, तर यंदाच्या तारखा कुणाकडून खात्रीने कळतील?

सिंधुदुर्ग किल्लाही बघायचाच आहे. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा जलदुर्ग, आणि आत त्यांच्या हातापायाचे ठसे! बाबा कितीतरी वर्षं म्हणतायत. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला होडीत चढणं-उतरणं जमतं का? भरती-ओहोटी बघून जावं लागतं का?

जेवणाचं म्हणाल तर आम्हाला कोंबडी-वडे चालतील, आई मात्र शाकाहारी. काळ्या वाटाण्याचं सांबारं-आंबोळी आणि नारळाच्या गोड रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) घरच्यासारखे मिळतील अशी खानावळ नक्की सुचवा. शिरवाळे आधी सांगून ठेवावे लागतात का, तेही कळवा.