प्रति: जास्त सिग्नल तिकडे उडी

फोन थेट उपग्रहाला जोडलेला असतानाही त्याने जिथे सिग्नल जोरदार तिथे जावं, बाकी डोकेफोड कशाला, असं वर कुणी म्हटलंय. हा मुद्दा जमिनीवरच्या टॉवर-टॉवरमध्ये बरोबर आहे. टॉवरपासून लांब गेलं की सिग्नल चांगलाच पडतो. पण ६०० किलोमीटरवरच्या उपग्रहाचा सिग्नल त्याच्या बीमच्या (जमिनीवर पडणाऱ्या सिग्नलच्या झोताच्या) मध्यावर आणि कडेला जवळपास सारखाच मिळतो. मग फोनला कळणार कसं की आता दुसऱ्या बीमवर किंवा उपग्रहावर जायचं?

म्हणून थ्रीजीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कचे जागतिक नियम ठरवणारी संस्था) रिलीज १७ या नियमावलीत असा बदल करण्यासाठी वेळ आणि ठिकाण याही अटी आल्या. कक्षा आधीच माहीत असल्याने उपग्रह कधी सरकणार हे फोनला अगोदर सांगून ठेवता येतं. (तुम्ही जागचे हलला नाहीत तरी बदल होतोच, इथे ‘टॉवर’च सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतोय!) मात्र त्यासाठी फोनला जीपीएसवरून स्वतःची जागा माहीत हवी, आणि घरात बसल्यावर नेमकं तेच अडतं.