अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी मावशी ठेवणे म्हणजे कर्तव्य विकणे आहे का?

इंदिरानगरकर
काल येथे एका सभासदाने लिहिले की, अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांना ब्युरोच्या, म्हणजे घरी रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या संस्थेच्या, मावशींच्या हवाली करणाऱ्या मुलांनी आपले कर्तव्य विकले आहे. ते मनाला फार लागले, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या वडिलांना अर्धांगवायू होऊन चार वर्षे झाली. सकाळी त्यांचे अंग पुसणे, डायपर बदलणे, उशा लावून त्यांना बसते करणे, मऊ खिमट चमच्याचमच्याने भरवणे आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ नये म्हणून जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवणे, एवढ्यात दहा वाजतात. मी अंबडला पाळीत काम करतो, पत्नी शाळेत शिकवते. पहिले सहा महिने आम्ही दोघांनीच सर्व केले आणि त्याच सहा महिन्यांत त्यांच्या माकडहाडावर जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. मायेत आम्ही कुठेही कमी पडलो नव्हतो.

जेलरोडवासी
ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. माझी आजी नऊ वर्षे अंथरुणावर होती. आई आणि दोन्ही काकूंनी तिचे सर्व केले, अंगावर एक जखम होऊ दिली नाही. याउलट माझ्या मामांकडे चोवीस तासांच्या मावशी होत्या, तरी सकाळी डायपर रात्रीचाच असे. मामांची वाचा गेलेली होती, त्यांनी तक्रार कोणाकडे करायची? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यानेही आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवरच टाकली आहे.

पंचवटीतील निवृत्त परिचारिका
आपल्या घरी तीन बायका होत्या, म्हणून आजींची कूस वेळेवर बदलली गेली. दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. हेच काम चोवीस तासांच्या एकट्या बाईवर सोपवले, तर तिने सलग दोन तासही झोपायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो. वॉर्डात आम्ही पाळ्या बदलून हे करत होतो, तरी पाठ मोडून जाई. मामांना जे सोसावे लागले त्याचे मला वाईट वाटते, पण एका माणसाला अहोरात्र जुंपणाऱ्याने केवळ त्या माणसाला दोष देऊ नये. शिवाय आपण आई आणि काकूंचे सांगितलेत, घरातील पुरुषांनी काय केले ते सांगितले नाही.

जेलरोडवासी
ताई, आपल्या वयाचा मान ठेवून सांगतो, माझ्या घरातील पुरुषांचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. वडील मुद्रणालयात रात्रपाळी करून घर चालवत होते. पगार घेणाऱ्याने काम करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सातपूरची लेक
माझी आई हेच काम करते, म्हणून मला बोलणे भाग आहे. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात ती चौदा महिने चोवीस तासांच्या ड्युटीवर होती. आजोबांच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची. आजोबा रात्री चार-पाच वेळा उठवत, आणि दिवसा तिचा डोळा लागला तर कॅमेऱ्यात पाहून परगावचा मुलगा फोन करत असे. महिन्यातून दोन सुट्ट्या ठरल्या होत्या, त्यातलीही एक बहुधा बुडायची. पगारातून ब्युरोचा वाटा जायचा तो वेगळाच. आजोबा गेले त्या दिवशी तिनेच त्यांना शेवटची आंघोळ घातली आणि संध्याकाळी तिला पिशवी भरायला सांगण्यात आले. माझ्या आईला रडायलाही जागा मिळाली नाही. तिला कोणाचे विकलेले कर्तव्य म्हणू नका.

सिन्नर फाटा
आईंविषयी वाचून गलबलून आले. दोन पाळ्यांना दोन माणसे हवीत, हे मान्य आहे, पण पैसे कोठून आणायचे? २००७ च्या कायद्यात निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. आमच्याकडे दिवसपाळीच्या मावशींनाच त्याहून अधिक द्यावे लागतात. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत ५ लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. घरातील डायपर आणि माणसाचा पगार त्यात बसत नाही. जखम चिघळून रुग्ण दाखल झाला की सरकार पैसे देते आणि ती होऊ नये म्हणून राबणाऱ्या हातांना काही देत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

जेलरोडवासी
काल रात्री आईला विचारले. ती म्हणाली, त्या नऊ वर्षांत एकदाही माहेरी मुक्कामाला गेले नाही, आणि तिची कंबर तेव्हापासूनच दुखते. हे मला माहीत नव्हते. ‘कर्तव्य विकले’ हे शब्द मी मागे घेतो. सातपूरच्या ताईंसाठी घेतो, इंदिरानगरकरांसाठी नव्हे. मावशी ठेवल्या तरी दिवसातून एकदा पांघरूण काढून पाठ मुलाने स्वतः पाहिलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पंचवटीतील निवृत्त परिचारिका
त्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. पाठीबरोबर टाचा आणि खुब्याची हाडेही पाहावीत. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली, तर जखमेची ती सुरुवात समजावी आणि त्या बाजूवर पुन्हा झोपवू नये.

इंदिरानगरकर
रात्री पाहिले. डाव्या टाचेवर तशीच लाली आहे. हवेची गादी असतानाही असे का व्हावे?

पंचवटीतील निवृत्त परिचारिका
गादी असली तरी कूस बदलावीच लागते. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवा, तिथे मालिश अजिबात करू नका आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा.