रेडिएशननंतर ३ वर्षांनी दाढ किडली, काढावी का?

सासवडकर:
वडील, वय ६१. उजव्या गालाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि नंतर ६० ग्रे (किरणांच्या डोसाचं माप) रेडिएशन, ३० बैठकांत. तोंड सतत कोरडं, उघडतं जेमतेम दीड बोट. आता उजवीकडची खालची दाढ किडून ठणकतेय. इथले डेंटिस्ट म्हणतात, उद्या काढून टाकू. काढावी का? आणि तोंड उघडण्यासाठी काही व्यायाम?

अक्कलदाढ:
उद्या तर अजिबात नको. किरणं गेलेल्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. दात काढल्यावर खड्डा भरून यायला जो रक्तपुरवठा लागतो तोच तिथे तुटपुंजा असतो. मग हाड उघडं पडतं, सडतं. खालच्या जबड्यात हा धोका वरच्यापेक्षा जास्त, आणि वर्षं उलटली म्हणून तो संपत नाही.

रेडिएशन झालं त्या हॉस्पिटलात, त्या दाढेपाशी किती डोस पडला ते विचारा. डिस्चार्ज समरीत बहुधा एकूण डोसच असतो, तो पुरत नाही. ५० ग्रेच्या वर असेल तर शक्यतो रूट कॅनलच. दीड बोटात मागपर्यंत हत्यार जाणं कठीण, म्हणून दाढेचा वरचा भाग हिरडीलगत कापतात, मुळांवर उपचार करून ती सील करतात आणि आतच ठेवतात. काढणं अटळच झालं तर ओरल सर्जनकडे जा. हाडाच्या धारा घासून हिरडी टाक्यांनी बंद करायला हवी. पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) आणि ई जीवनसत्त्व काही ठिकाणी आधीपासून देतात; रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते न विसरता सांगा.

जबडा_फिजिओ:
व्यायामाआधी एक गोष्ट. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजा. ३५ मिमीच्या खाली म्हणजे जबडा आखडलेला. पण अलीकडेच अचानक कमी झालं असेल तर आधी कॅन्सर सर्जनला दाखवा. आजार परतला असेल किंवा हाड सडत असेल तरी असंच होतं.

ते नाही म्हटल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. तोंडात सहज बसतील तेवढ्या एकावर एक ठेवा, मग मधे एक सरकवा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. ७ सेकंद धरून सोडा, असं ७ वेळा, दिवसातून ५ ते ७ दा. हलणाऱ्या किंवा किडक्या दातावर जोर नको. आधी कोमट ओल्या फडक्याने शेकलं तर बरं, मात्र त्या कातडीला चटका कळत नाही, फडकं स्वतःच्या मनगटावर लावून पाहा. जुना आखडलेपणा महिनोन्महिने घेतो, आणि व्यायाम सोडला की परत आखडतं.

सासवडकर:
धन्यवाद, उद्याची वेळ रद्द केली. कोरड पडते म्हणून ते खडीसाखर चघळत असतात, ते चालेल?

अक्कलदाढ:
नाही! लाळ नाही आणि वर साखर, दात हिरडीलगत गोल कापल्यासारखे किडतात; ही दाढही त्यातलीच असू शकेल. लिंबाच्या गोळ्याही बंद. घोट घोट पाणी, झायलिटॉलची साखरविरहित गोळी. १ लिटर पाण्यात १ चमचा मीठ, १ चमचा खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) घालून दिवसातून ४-५ चुळा. रात्री ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, नंतर फक्त थुंकायचं, चूळ नाही. मिश्री लावत असतील तर ती आजच फेका.

जबडा_फिजिओ:
पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणीही करून घ्या. मानेवर किरणं होती ना? मग टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) दर ६ ते १२ महिन्यांनी. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं हे वयावर ढकलतात आणि थायरॉइड राहून जातं.