फायटिंग नाइफ म्हणजे कमरेचा दागिना? जरा दमानं घ्या!

खंदकवाला

परवा एका महाशयांनी ठोकून दिलं की "ड्रोनच्या जमान्यात फायटिंग नाइफ म्हणजे सैनिकाच्या कमरेचा दागिना, अर्धा किलो फुकटचं ओझं, त्यापेक्षा रायफलच्या गोळ्यांचं एक मॅगझिन जास्त न्या." खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग. माझं म्हणणं, सात इंची दुधारी खंजीर सैनिकाकडे हवाच. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते वाढत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

पहिली गोष्ट, ड्रोन आले म्हणून खंदक, तळघरं आणि पडकी घरं गेली का? उलट ड्रोनच्या भीतीने माणसं जास्तच बिळात शिरून बसलीत आणि ती जागा घ्यायला कुणाला तरी आत उतरावंच लागतं. २०२५च्या सुरवातीला युक्रेनमधला हेल्मेट कॅमेऱ्याचा जो व्हिडिओ बाहेर आला तो पाहिला असेलच. समोरच्याने रायफल धरली, दोघं अंगाशी अंग भिडवून, मग मॅगझिन भरलेलं असून काय उपयोग, नळी वळवणार कुठे? तिथे चाकूच चालला. १९८२ला फॉकलंडमध्ये टम्बलडाउन डोंगरावर ब्रिटिशांनी संगिनी वापरल्या, २००४ला इराकमध्ये ब्रिटिशांनी संगिनी लावून चढाई केली. प्रत्येक पिढीत कुणीतरी म्हणतं की आता हे संपलं, आणि पुढच्या लढाईत ते पुन्हा निघतं.

मोजूनमापून

ते महाशय मीच. धागा काढल्याबद्दल आभार, पण मी लिहिलेलं नीट वाचलं असतं तर बरं झालं असतं.

तो व्हिडिओ जगभर का फिरला? कारण असं घडतच नाही! तोफ आणि ड्रोनने रोज माणसं मरतायत त्याची बातमी होत नाही, चाकूने एक मेला की सगळे बघतात. आणि फॉकलंड, इराक दोन्हीकडे संगीन होती, रायफलच्या टोकाला लावलेली, म्हणजे सरळ सरळ भाला. कमरेच्या चाकूच्या खात्यात ते कसं काय जमा केलंत? शिवाय खुद्द अमेरिकन आर्मीने २०१०ला बेसिक ट्रेनिंगमधून संगिनीचा सराव काढून टाकला.

आता सगळ्यांचं लाडकं उदाहरण, गुरखा आणि खुकरी. दीपप्रसाद पुन, २०१०, अफगाणिस्तानातलं हेलमंड, चौकीवर एकटा माणूस. चारशेच्या वर गोळ्या झाडल्या, ग्रेनेड टाकले, आणि अगदी जवळ भिंतीवर चढणाऱ्या तालिबान्याला हाणलं कशाने? मशीनगनच्या ट्रायपॉडने! गुरखा रेजिमेंटचा माणूससुद्धा हाताला येईल ते उचलतो. तीस गोळ्यांचं भरलेलं मॅगझिन साधारण अर्धा किलो, म्यानासकट मोठा चाकू त्याच्याच आसपास. मी मॅगझिन घेईन, तुम्ही चाकू घ्या, शुभेच्छा.

माजी_पायदळ

दोघेही खुर्चीत बसून भांडताय म्हणून लिहितो. मी पायदळात होतो. माणसावर चाकू उगारायची वेळ माझ्यावर आली नाही आणि माझ्या ओळखीत कुणावर आलेली ऐकिवात नाही. पण चाकू लागला नाही असा दिवसही आठवत नाही. दोऱ्या, रॅशनचे खोके, टेपच्या गुंडाळ्या, फाटलेले पट्टे, दिवसभर तेच. एकदा गाडी उलटली, आतला पोरगा पट्ट्यात उलटा लटकलेला, वजनाने पट्टा इतका ताणलेला की बक्कल दाबून सुटेना. मी इश्यूचा, म्हणजे सैन्याने दिलेला, चाकू काढला तर तो भोथट! घासतोय घासतोय, पट्ट्याचे नुसते सूत निघतायत. शेवटी दुसऱ्या एकाने स्वतःच्या पैशाने घेतलेला छोटा घडीचा चाकू दिला, दोन ओढीत काम झालं. धार लावायला दगडसुद्धा आम्हाला इश्यू नव्हता. त्यामुळे चाकू लढाईत लागतो की नाही हे नंतर ठरवा, आधी त्याला धार द्या म्हणावं.

खंदकवाला

काका, सलाम. म्हणजे चाकू लागतो हे तुम्हीच सांगितलंत. मोजूनमापून, वाचताय ना?

मोजूनमापून

हो वाचतोय. "छोटा घडीचा चाकू" हेही वाचलं. तुमचा सात इंची दुधारी खंजीर कुठे आला त्यात? फेअरबर्न-साइक्स खंजिराचंच बघा. शांघाय पोलिसात मुरलेल्या दोघांनी १९४०-४१ला ब्रिटिश कमांडोंसाठी बनवला, निव्वळ भोसकायला. पोरांनी त्याने डबे उघडले, खोके उचकटले आणि टोकं मोडली. मूठ गोल, अंधारात पातं कुठल्या बाजूला फिरलंय ते हाताला कळत नाही. पुढे अमेरिकी अधिकारी अ‍ॅपलगेटला पातं रुंद आणि मूठ चपटी करून तोच चाकू नव्याने बांधावा लागला. याउलट अमेरिकन मरीन्सचा १९४२चा का-बार चाकू टिकला, कारण तो बिचारा खणतो, ठोकतो, डबेपण उघडतो.

रंधा

विषय निघालाच आहे तर, त्या चाकूच्या पाठीवरच्या करवतीसारख्या दात्यांचं काय ते कुणीतरी सांगा. घरात तीन पिढ्या सुतारकी. असले दाते बघितले की डोकं फिरतं. करवतीला दात्यांना आलटून पालटून बाहेर वाकवतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पातं अडकत नाही. चाकूच्या जाड पाठीवर सरळ दाते पाडले की अंगठ्याएवढी फांदीसुद्धा निम्म्यात घट्ट पकडून बसते. सिनेमात बरं दिसतं तेवढंच.

माजी_पायदळ

फांदीसाठी नसतातच सगळे. पत्रा, प्लास्टिक, फायबर फाडायला असतात.

रंधा

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन संगिनींवरचे दाते लाकडासाठीच होते. शत्रूला वाटलं जखमा चिघळवायला केलेत, अशी संगीन सापडली तर कैद्याचे हाल करतात अशी बोलवा पसरली. मग दाते घासून काढले. म्हणजे लाकूड धड कापलं नाही, वर बदनामी.

माजी_पायदळ

इतिहास नको सांगू रे बाबा. मी दाते वापरलेत, गाडीचा पत्रा फाडलाय.

रंधा

पत्र्याला छिन्नी असते. दाते वापरणं आणि दाते कळणं यात फरक आहे काका.

माजी_पायदळ

छिन्नी कुठून आणू, पाठीवरच्या पिशवीत सुताराचं दुकान मांडून फिरू का? तू कधी पंचवीस किलो घेऊन रात्री चालला आहेस? नाही ना? मग दात्यांचं शहाणपण स्वतःपाशी ठेव.

रंधा

वजनाचा मुद्दा मोजूनमापूनचा होता, माझा नव्हे. पण वजनच वाचवायचं तर ती पाठ गुळगुळीत ठेवा, वरून दांडक्याने ठोकता येते, लाकूड फाडून निघतं. दात्यांवर ठोकलं की दाते जातात. इतकी साधी गोष्ट आहे.

काठावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण फावड्याला सगळेच विसरलात. २०२३च्या मार्चमध्ये ब्रिटिश संरक्षण खात्याने म्हटलं होतं की रशियन राखीव सैनिकांना "बंदुका आणि फावडी" घेऊन हल्ल्याला पाठवलं. खणायचं छोटं फावडं, मूळ डिझाइन १८६९चं. तसंही ते जवळ असतंच, हात लांब पोचतो, आणि खड्डाही खणतं. आणि गलवानमध्ये, २०२०, गोळीबार करायचा नाही असा करार, चाकूला याहून चांगली संधी मिळणार नव्हती, तरी नाव झालं खिळे ठोकलेल्या दांडक्यांचं.

खंदकवाला

घ्या! माझ्याच धाग्यावर फावडं जिंकलं. गलवान मान्य, जाड थंडीच्या कपड्यांवर दांडकं जास्त चालतं. पण खंदकात फावडं उगारायला जागा कुठे असते? कोपर मागे नेलं की भिंत लागते. तिथे लहान पातंच.

मोजूनमापून

लहान पातं. लहान! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सकाळी सात इंची खंजिराची वकिली चालली होती. असो, चार इंची, एकधारी, जाड पाठीचा, शंभर-दीडशे ग्रॅमचा चाकू कुणी दिला तर तो मी मॅगझिनशेजारी मुकाट अडकवीन. "फायटिंग" असं खोक्यावर छापायचं असेल तर खुशाल छापा.

खंदकवाला

आणि तो व्हिडिओतल्यासारखा लागला तर?

मोजूनमापून

तर तुमचं खरं ठरेल, लाखात एकदा. अभिनंदन आगाऊ.

रंधा

जाड पाठीचा म्हणालात ना? दाते नकोत त्यावर.

माजी_पायदळ

दाते हवेत. आणि दगड सोबत द्या.